वीस मीटरांच्या मधलं

"आन् यात दरा कुठं हाय?"

तात्यांनी एवढंच विचारलं. साताऱ्याहून छापून आणलेला नकाशा मी त्यांच्या घोंगडीवर पसरला होता. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते, तरी वारा आत शिरून कागद मध्येच फुगत होता. आम्ही बसलो होतो त्या कातळापासून पंधरा पावलांवर जमीन संपत होती. खाली चौदा मीटर खोल घळ, तिच्या उभ्या कडा, तळाला वाळू आणि गोटे, एका वळणावर उंबर. उंबराचा शेंडासुद्धा आमच्या पायांच्या खाली. आणि माझ्या नकाशात तिथे एक सरळ, शांत उतार होता.

कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. रस्ते, कालवे, प्लॉट, पाझर तलाव. सतरा वर्षं हेच करते आहे. आजोळच्या माळाचा नकाशा करायला घेतला तो मात्र कुणी सांगितलं म्हणून नाही. गावात पाण्याच्या कामाचा आराखडा व्हायचा होता, मामा म्हणाला, "तू येवढं शिकलीस, आपल्या गायरानाचं कायतरी काढून दे." मी दोन संध्याकाळी घरी बसून, उपग्रहाची उंचीची माहिती उतरवून घेऊन, छान रंगीत नकाशा केला आणि एका रविवारी तो घेऊन निघाले.

साताऱ्याहून दहिवडीकडे जाताना कोरेगाव सोडलं की वर्धनगडाचा घाट लागतो. तो चढून पुसेगावाकडे उतरलं की पाऊस मागे राहिला हे डोळ्यांना कळतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. त्याच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरवर, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तर लोक ते वर्ष चांगलं म्हणतात. रस्त्यावरून पाहिलं की माळ सपाट दिसतो. पिवळं गवत, मधून मधून बोरी-बाभळी, लांब महादेवाच्या डोंगररांगेची निळी कड. चालायला लागलं की पाय अचानक थबकतात, कारण पुढे घळ असते. अगदी काठावर येईपर्यंत ती दिसत नाही. ओरडून हाक मारणारा माणूस दोनशे मीटरवर असतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला अर्धा तास लागतो.

तात्या आईच्या नात्यातले. वय सत्तरीच्या पुढचं, सगळं गाव त्यांना तात्याच म्हणतं. माझं आजोळ मेंढपाळांचं आहे. मामांच्या पिढीत मेंढरं विकली गेली, तात्यांनी ठेवली. पन्नासेक माडग्याळ मेंढ्या घेऊन ते या माळावर किती वर्षं फिरत असतील याचा हिशेब त्यांनी कधी केलेला नाही. त्यांचा प्रश्न तक्रारीचा नव्हता. नकाशा आहे म्हणजे दरा असणार, आपल्याला दिसत नाही तर बायला विचारावं, इतकंच. मला उत्तर देता आलं नाही. मी नकाशा गुंडाळला.

दरा कुठे गेला ते मला माहीत होतं. फेब्रुवारी २००० मध्ये एक अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने जवळजवळ सगळ्या वस्तीच्या जगाची उंची मोजून गेलं. आज फुकट मिळणारी उंचीची माहिती बरीचशी तिथली. तिचा एक चौकोन तीस मीटरांचा. वीस मीटर रुंदीची घळ त्या चौकोनात मावते, तिचा तळ आणि तिच्या दोन्ही कडा यांची मिळून एकच सरासरी होते, आणि सरासरी म्हणजे उतार. यंत्राची त्यात काही चूक नाही. जिथं तीस मीटर हे सगळ्यात लहान माप आहे, तिथं वीस मीटरांची गोष्ट सांगता येत नाही हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. स्वतःच्या आजोळी मात्र ते विसरले.

त्या रात्री साताऱ्याला परत येऊन मी कपाटातून टोपोशीट काढली. भारतीय सर्वेक्षण विभागाची ४७ के/१०, एकास पन्नास हजार. मला या शीट्सबद्दल मनापासून आदर आहे. १७६७ साली सुरू झालेलं खातं, त्यातल्या माणसांनी साखळ्या आणि थिओडोलाइट खांद्यावरून वाहत हा देश मोजला. १८०२ साली मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजून त्रिकोणांची माळ उत्तरेकडे नेणारा लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. शीटवर डोंगरमाथ्यावर छापलेला लहानसा त्रिकोण दिसला की मला ती माणसं आठवतात. पण त्या शीटवर दोन कंटूरांमधलं अंतर वीस मीटरांचं असतं. आमच्या माळावरून ७६० ची रेषा जाते आणि मग एकदम ७८० ची. घळीचा वरचा काठ ७७६ वर आणि तळ ७६२ वर. म्हणजे एक आख्खी दरी, तिच्या कडा, तिच्यातला उंबर, हे सगळं दोन रेषांच्या मध्ये पडतं आणि कुठल्याच रेषेला शिवत नाही.

रुंदीचंही तसंच. या शीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. वीस मीटरांची घळ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक, पेन्सिलीच्या रेघेएवढी. आमचं गायरान अडीचशे हेक्टरचं. शीटवर ते दहा चौरस सेंटीमीटर होतं. दोन अंगठे टेकवले की झाकलं जातं. शीटने ओढा दाखवला आहे, नाही असं नाही. काळ्या रेघेने दाखवला आहे. पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडा काळा, हा शीटचा नियम. आमच्या माळावर सगळे ओढे काळे आहेत.

दुसरा नकाशा तलाठ्याकडचा. गाव नकाशा. याचं घराणं वेगळं. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली, तिथून मुंबई इलाख्याची जमीन तेहेतीस फुटी साखळीने मोजली गेली. साखळीचे सोळा आणे; एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. आजही आपण एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा गुंठा म्हणतो तो त्या साखळीचा. हा नकाशा शीव कुठली, बांध कुणाचा, नंबर कितवा हे नीट सांगतो. उंची सांगत नाही. त्याला ती लागतच नव्हती, कारण त्याचं काम सारा ठरवण्याचं होतं. आणि जे पिकत नाही, ज्यावर सारा बसत नाही, ते सात-बारावर एकाच शब्दात जातं: पोटखराबा.

म्हणजे एका नकाशाला उंची कळते पण वीस-वीस मीटरांच्या उड्या मारत. दुसऱ्याला मालकी कळते. गवत दोघांनाही कळत नाही. शीटवर माळ पांढरा, फार तर खुरट्या झुडपांच्या खुणा. पुढे २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला. त्यातही झुडपी, गवताळ जमीन सरकारी भाषेत पडीक म्हणून मोजली आहे. मला या शब्दाचा राग येतो. पडीक म्हणजे टाकून दिलेलं. हा माळ कुणी कधी टाकला होता? पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी एवढ्या गवतांची नावं तात्या एका बैठकीत सांगतात. कुठलं गवत मेंढरू आधी खातं, कुठलं कापून गंजीला लावायचं, कुठलं फक्त कोवळं असताना चालतं, हे त्यांना विचारावं. धाविक पक्षी इथंच अंडी घालतो, उघड्या मुरमावर, घरटं न करता. खोकड आहे, लांडगा आहे. ज्या जमिनीवर एवढे जीव आणि पन्नास मेंढ्यांचा एक संसार चालतो ती जमीन पडीक कशी?

आणि शब्द फक्त कागदावर राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून या माळावर झाडं लावायची ठरली. ज्यांनी ठरवलं त्यांच्या हातात असाच कुठलातरी नकाशा असणार, ज्यात इथं रिकामी जागा दिसत होती. जेसीबी आला. तीन मीटरांवर एक खड्डा, ओळीने, आखीव. ग्लिरिसिडिया आणि सुबाभळीची रोपं. गवताची शेकडो वर्षांची विणलेली मुळं उचकटून मुरूम वर आला. दोन उन्हाळ्यांत बहुतेक रोपं वाळली. खड्डे राहिले. तात्यांच्या एका गाभण मेंढीचा पाय त्यातल्या एका खड्ड्यात मोडला. ते मला सांगताना त्यांनी खड्डा दाखवला, मेंढीचा रंग सांगितला, कुणालाही नाव ठेवलं नाही. मला मात्र त्या दिवशी तिथे उभं राहून वाटलं की हा खड्डा जेसीबीने पाडला असला तरी त्याची जागा आधी कुणीतरी नकाशात मोकळी करून ठेवली होती. आणि मी स्वतः तसाच एक नकाशा रंगीत छापून आणला होता.

वैशाखात तीन आठवड्यांची रजा टाकली आणि मोजणीला गेले. आपल्या माणसांना नकाशासाठी आधी परवानग्या लागत, त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये बहुतेक उठल्या. त्यामुळे अडचण फक्त उन्हाची होती.

ऊन टाळून हिवाळ्यात का नाही गेले, असं मामीने विचारलं. गवतामुळे. दिवाळीच्या सुमाराला माळावर गवत गुडघ्याच्या वर, लवणात कमरेपर्यंत असतं. ड्रोन उडवला तर तो गवताचा शेंडा मोजतो, जमीन मोजत नाही. मला एक मीटरचे कंटूर काढायचे होते आणि गवतच अर्ध्या-पाऊण मीटरचं. वैशाखात मेंढरांनी आणि वाऱ्याने गवत उतरवलेलं असतं, बुडखे तेवढे राहतात. तेव्हा जमिनीची खरी पाठ दिसते.

पहिले दोन दिवस उंची आणण्यातच गेले. उपग्रहावरून चालणारं यंत्र जी उंची सांगतं ती समुद्रसपाटीपासूनची नसते. पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणितातला आकार धरलेला असतो, त्याच्यापासूनची असते, आणि आपल्या भागात या दोन्हींत साठ मीटरांहून जास्त फरक पडतो. भारताच्या दक्षिणेला समुद्रात पृथ्वीच्या गुरुत्वाचा मोठा खळगा आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हा फरक शंभर मीटरांच्या पुढे जातो. म्हणून रस्त्याकडेच्या एका जुन्या मोरीवर कोरलेलं बेंचमार्क, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असलेली खूण, शोधलं, त्यावरचं शेवाळ खरवडलं, आणि तिथून चार किलोमीटर साधी लेव्हल आणि पट्टी घेऊन टप्प्याटप्प्याने माळापर्यंत उंची चालवत नेली. हे काम मला फार आवडतं. एक वाचन मागे, एक पुढे, वहीत दोन आकडे, पुढचं ठाणं. मामेभावाचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा होता, तो पट्टी धरायचा. "आत्या, आपण उंची उचलून नेतोय का?" त्याने विचारलं. तेच करत होतो.

माळावर रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणारं काठीवरचं यंत्र, घेऊन चाललं की काम सोपं. आकाश उघडं, उपग्रह भरपूर, दर वीस-पंचवीस पावलांवर काठी टेकवायची आणि बिंदू घ्यायचा. घळीत उतरलं की सगळं बदलतं. दोन्ही बाजूंच्या कडा आभाळ खातात, वर फक्त एक पट्टा उरतो, यंत्राचं फिक्स, म्हणजे अचूक जागेवरची पकड, सुटतं. तिथं टोटल स्टेशन लावायचं, म्हणजे प्रिझमवर किरण टाकून अंतर आणि कोन मोजणारं यंत्र. पोरगा प्रिझमची काठी घेऊन पुढे, मी मागे. प्रत्येक वळणावर तो दिसेनासा व्हायचा, मग यंत्र उचलून पुढच्या ठाण्यावर. एका घळीत सव्वादोन किलोमीटरची फेरी मारून निघालेल्या ठाण्यावर परत आलो तेव्हा उंचीत सहा सेंटीमीटरचा फरक निघाला. त्या रात्री मी निवांत झोपले.

घळीत उतरल्याशिवाय हा माळ कळत नाही. वर दीड हात माती, खाली मुरूम, त्याखाली पाच-सहा मीटर काळा पाषाण, उभ्या भेगांनी चिरलेला. मग एक तांबडा पट्टा, कुठे वीतभर, कुठे हातभर जाड, बोटाने उकरला तर गेरूसारखा भुगा होतो. त्याखाली पुन्हा दगड, पण सच्छिद्र, गुलाबीसर, छिद्रांत पांढरे खडे भरलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला तो एकदम नाही. थर आला, निवला, त्यावर माती धरली, मग पुढचा थर येऊन त्या मातीला भाजून गेला. तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधला काळ. तो मऊ, झिजतो, पाणी अडवतो. त्याच्यावरून झिरपा बाहेर येतो. खालून पट्टा पोखरला की वरचा काळा कातळ आधाराशिवाय लोंबतो आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळतो. घळ अशी मागे मागे, माळ खात सरकते.

हे सगळं भूगोलाच्या पुस्तकात असतं. मला ते जागेवर दिसलं तिसऱ्या आठवड्यात, मामाच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून एक-एक मीटरचे कंटूर पहिल्यांदा पडद्यावर उमटले तेव्हा. माळावर नऊ घळी आहेत. त्यातल्या सातांची तोंडं, म्हणजे जिथं घळ सुरू होते ती जागा, ७६९ मीटरच्या आसपास होती, मीटरभर इकडे-तिकडे. तांबड्या पट्ट्याची उंची तीच. दोन किलोमीटरच्या माळात सात वेगवेगळ्या ठिकाणी पाण्याने एकच मऊ शिवण शोधली होती. मी मामीला उठवून दाखवलं. तिला जुने दिवस आठवले. २०१६ पासूनच्या तीन-चार वर्षांत वॉटर कप या गावागावांच्या पाणलोट स्पर्धेच्या श्रमदानात तिने पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन काठ्यांमध्ये धरून, फक्कीने डोंगरावर समपातळीच्या रेघा मारल्या होत्या. पडद्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "म्हंजी इथवर पाणी भरलं तर ह्यो त्याचा काठ." कंटूरची यापेक्षा चांगली व्याख्या मी वर्गात कधी सांगू शकलेले नाही.

त्या श्रमदानाने माणदेशात पुष्कळ चांगलं झालं, मामीच्या विहिरीने ते पाहिलं आहे. डोंगरउताराच्या उघड्या मुरमावर सलग समतल चर हवेतच. पण गवत असलेल्या सपाटीवर चर खणू नयेत, हे मी आता आराखड्याच्या बैठकीत ठासून सांगते. तिथं पाणी आधीच गवताच्या बुडख्यांत थांबतंय. ती वीण तोडून खणलेला चर एका जागी फुटतो आणि तिथून नवी वगळ सुरू होते. अशा दोन वगळी माझ्या मोजणीत आल्या. दोन्हींचं मूळ चराच्या फुटलेल्या कडेला आहे. दोन्ही आज गुडघाभर खोल आहेत.

वगळ, लवण, दरा, घळ. हे शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, पण ते एकाच गोष्टीचे चार शब्द असावेत असं समजत होते. मोजणीत तात्या बरोबर असायचे, मेंढरं आसपास. ते सांगत गेले, मी बिंदूंना नावं देत गेले, आणि मग रात्री उतारांचे आकडे पाहिले. लवण म्हणजे उथळ खोलगा, जिथं गवत पौषापर्यंत हिरवं राहतं. वगळ म्हणजे पाण्याने नुकती कोरलेली, उडी मारून ओलांडता येते. दरा म्हणजे जिथं कळप एका बाजूने उतरतो आणि दुसऱ्या बाजूने चढतो. आणि घळ म्हणजे जिथून कोकरू बरोबर असलेली मेंढी बाहेर निघू शकत नाही. मी उतार अंशांत लावून पाहिले तर तात्यांचे दरे आणि घळी स्वच्छ वेगळे पडले. पहिल्या दिवशी ज्या घळीच्या काठावर त्यांनी मला "दरा कुठं हाय" विचारलं, तिथला त्यांचा प्रश्न घळीबद्दल नव्हताच. घळीच्या वरच्या अंगाला, उंबराच्या पलीकडे, एक उतरायची वाट आहे. एकच. तो दरा. कळप घेऊन माळाच्या पल्याड जायचं तर तो माहीत हवा, बाकीची खोली त्यांच्या कामाची नाही.

एका संध्याकाळी ओसरीवर बसून मी मोबाइलवर अमेरिकेच्या सर्वेक्षण खात्याच्या शीट्स उघडल्या होत्या. त्या सगळ्यांना मोफत बघता येतात, मी कामासाठी नेहमी बघते. ऑरेगॉन राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, वर्षाचा बराच काळ कोरड्या असणाऱ्या उंच पठारी मुलखात झुमवॉल्ट नावाचं गवताळ रान आहे. झुपक्या-झुपक्यांनी वाढणारं गवत, आणि त्याच्या पूर्वेला इम्नाहा नदीने खोल कापलेल्या दऱ्या. खडक आपल्यासारखाच, लाव्ह्याचे आडवे थर, कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला. वयाने आपल्याहून बराच लहान, दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. ते रान टिकलं, कारण जागा उंच, थंड, माती उथळ. नांगर फारसा लागलाच नाही. तिथं मूळच्या नेझ पर्स लोकांचे घोडे चरायचे, १८७७ साली त्यांना तिथून हुसकावलं गेलं. त्यांच्या शीट्स चोवीस हजारांच्या, आपल्यापेक्षा दुप्पट बारकाईच्या, दऱ्यांचे कंटूर इतके दाट की कागद तपकिरी दिसतो. आणि दऱ्यांच्या मधलं गवत? पांढरं. त्या नकाशांत हिरवा रंग झाडीला. झाडी नाही तिथं कागद कोरा. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, इतकी साधनं असलेल्या देशातही गवताला रंग नाही, हे पाहून मला बराच वेळ काही सुचलं नाही. मग पोराला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मग आपण देऊ."

आम्ही दिला. माझ्या नकाशात माळाला फिकट गव्हाळ रंग आहे, लवणांना त्याहून थोडा गडद. खुणांच्या यादीत गवत ही स्वतंत्र खूण आहे. कापणीचं गवत आणि चराईचं गवत वेगळं दाखवलं, तात्यांनी हद्द चालून दाखवली तशी. झिरपे निळ्या ठिपक्यांनी. उतरायच्या वाटा, म्हणजे दरे, तुटक रेघेने, तात्या सांगतील त्या नावाने. खड्ड्यांच्या ओळीही आहेत, राखाडी रंगात. त्या झाकाव्यात असं मला वाटलं नाही.

शेवटच्या आठवड्यात, सहाव्या घळीत, तळापासून तीनेक मीटर वर, तांबडा पट्टा पोखरून एक कपार झाली होती. तोंड अडीच फुटांचं. समोर उकरलेली माती, हाडांचे तुकडे, लोकरीची एक गुंडाळी. पोराने प्रिझम टेकवला, मी बिंदू घेतला, पुढे "कपार" असं लिहिलं. तात्या त्या दिवशी वर काठावर होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "त्या लालभडक ठिकानी काय लिवलं?" मी सांगितलं. ते जरा वेळ चिलमीशी खेळत राहिले. मग म्हणाले, माघात लांडगीची तीन पिल्लं होती. आपली दोन मेंढरं गेली अवंदा, तिनंच नेली, मला म्हाईत हाय. पर गावात आजूनबी असं लोक हायत, जागा कळली की तोंडाशी जाळ करत्यात. त्यांच्या बापाने एकदा केला होता, लहान असताना तात्या लाकडं घेऊन बरोबर होते. ते पुढचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

"तेवढं नगं दावू, बाय."

नकाशा आता ग्रामपंचायतीत लावला आहे, फ्रेममध्ये. आराखड्याच्या बैठकीत त्याच्यापुढे उभं राहून माणसं वाद घालतात, बोटं ठेवून ठेवून काच धूसर झाली आहे. सहावी घळ त्यावर पूर्ण आहे, वळणं, कडा, तळाचे कंटूर, तांबड्या पट्ट्याची रेघ. बिंदूंची यादी वेगळ्या वहीत आहे, पाच हजार दोनशेच्या वर. तिच्यात ३४१६ नंतर ३४१८ येतो.